निगेटिव्ह आलं आणि गाव हसलं

क्लोरोस्कोप हे माझं कागदावरचं नाव. मित्रांनो, गावात मला सगळे 'पाण्याची डबी' म्हणतात, आणि मी आता बराच जुना झालो आहे. माझ्याजवळ एक नळी आणि औषधाची छोटी बाटली आहे. नळीतल्या पाण्यात औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं, तर जंतू मारणारं क्लोरीन त्यात आहे असं समजायचं.

धामणगाव बढ्याजवळच्या आमच्या लहानशा गावात पाणी सोडणाऱ्या भागवतकाकांनी मला बारा वर्षं जपलं. रोज सकाळी शेवटच्या नळावर, म्हणजे जनकाबाईंच्या दारात, आमची हजेरी असे. पाणी पिवळं झालं की काका वहीत बरोबरची खूण करत. पुढे त्यांचे गुडघे गेले आणि काम राजकुमारकडे आलं. माणूस कष्टाळू, पण कुणाला काही विचारायचं म्हणजे त्याला भारी संकोच. त्यातच नवी छापील वही आली. पाणी पिवळं झालं तर 'पॉझिटिव्ह', नाही झालं तर 'निगेटिव्ह', असं तिच्यात लिहायचं होतं.

पहिल्याच दिवशी पाणी छान पिवळं झालं. मी खूश, आणि राजकुमारचे डोळे पांढरे!

"बापा! पॉझिटिव्ह! या पावडरनंच पाणी बिघडून राह्यलं!"

कोरोनात त्याच्या घरचे चौघे पॉझिटिव्ह निघाले होते. त्या शब्दाची त्याने धास्तीच घेतली होती. त्याने टाकीत क्लोरीनची ब्लीचिंग पावडर टाकणं बंद केलं. तिसऱ्या दिवशी पाणी पिवळं झालंच नाही.

"निगेटिव्ह! सुटलो!" त्याने माझा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला. लोकांनी खाली 'लाईक'चे अंगठे टाकले. मी सुन्न झालो. अरे, हे काय करताय? पण डबीला कुठली वाचा!

सहा दिवस गाव निगेटिव्ह राहिलं. सातव्या दिवशी जनकाबाईंची नात छकुली जुलाबांनी इतकी गळून गेली की तिला पाणीही गिळवेना. तिला दवाखान्यात नेलं. इकडे आरोग्य उपकेंद्रातल्या प्रतीक्षा सिस्टर धावत आल्या आणि त्यांनी त्याच नळाचं पाणी माझ्या नळीत घेतलं. रंग नाही.

"राजकुमारभाऊ, पावडर काऊन नाही टाकली?"

"कायले टाकू सिस्टर? सहा दिवसांपासून निगेटिव्हच तर हाय!"

सिस्टर म्हणाल्या, "अहो, इथं पॉझिटिव्ह म्हंजे पाण्यात क्लोरीन हाय. निगेटिव्ह म्हंजे काहीच नाही!"

राजकुमार पावडर घेऊन टाकीकडे पळाला. त्याचा तो चेहरा आठवला की मला आजही धक्का बसतो.

छकुली चौथ्या दिवशी घरी आली, आजीच्या कडेवर, काडीसारखी होऊन. राजकुमार समोर उभा होता. जनकाबाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "भागवतभाऊले एकदा इचारलं असतं, त बरं झालं असतं बापा."

मित्रांनो, मी फक्त रंग दाखवतो, त्याचा अर्थ सांगू शकत नाही. अर्थ कळला नाही तर कुणालाही विचारा, पण विचारा. विचारायची लाज राजकुमारला वाटली, आणि सलाईन लागलं छकुलीला.