चव्वेचाळिसावं मरण

डॉरिस ताओने खुर्चीच्या हातावरची करंगळी आधी सैल सोडली, मग शेजारचं बोट, मग मधलं. मान मात्र हलू दिली नाही. मान टाकणं हे नवशिक्यांचं काम, असं तिचं मत होतं.

"परफेक्ट," कॅमेऱ्याशेजारी उभी असलेली दिग्दर्शिका अनिका म्हणाली. "टेकमध्ये असंच करा. संध्याकाळचा लाइट यायला अजून अर्धा तास आहे."

डॉरिसने डोळे उघडले आणि चष्मा मागितला. तालमीतलं मरण आटोपलं होतं. कॅमेऱ्यासमोरचं सूर्य मावळताना व्हायचं होतं.

मरण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. चीनमधल्या सूझौमध्ये जन्मलेली ही बाई एकोणिसाव्या वर्षी कॅलिफोर्नियात आली, ताओ वेन-शिउची डॉरिस झाली आणि गेली पंचावन्न वर्षं पडद्यावर मरत होती. भातशेतात गोळी लागून, जहाजावर तापाने, लाँड्रीच्या आगीत. एकदा तर नायकाच्या अंगावर आलेला सुरा स्वतःवर घेऊन. त्रेचाळीस चित्रपट, त्रेचाळीस मरणं. नायकाने दोन मिनिटं रडायचं आणि पुढच्या कामाला लागायचं, हा ठरलेला प्रकार. आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ती पहिल्यांदा नायिका झाली होती, आणि अनिकाने शेवटच्या पानावर तिला मारलंच होतं.

एका घराच्या मागच्या खोलीत भाड्याने राहणारी म्हातारी शिंपीण; घरातल्यांना ती आहे याचं भानही नाही. एका संध्याकाळी ती बसल्या जागी जाते आणि उरते रिकामी खुर्ची. एवढीच गोष्ट. त्यासाठी अनिकाने शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधलं आपल्या आईवडिलांचंच घर ताब्यात घेतलं होतं. आई, म्हणजे सरला, अकरा दिवस सगळ्या युनिटला पोहे-उपमा करून घालत होती. वडील अतुल ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत होते, आणि आपण या चित्रपटात काय काम करतो असं कुणी विचारलं की "हिमवृष्टी विभाग" म्हणून सांगत होते.

डॉरिस किचनमध्ये आली. सरलाने तिच्यापुढे चहा ठेवला. दोघी इंग्रजीत बोलत, पण सरलाचं इंग्रजी अधूनमधून मराठीत घसरे, आणि डॉरिसला तेही कळे.

"तू माझा एखादा पिक्चर पाहिलायस?"

"एक. नागपूरला कॉलेजात असताना. तो जहाजावरचा. काय रडले होते मी, ताई!"

"त्याचा शेवट काय होता?"

"अय्या, तुम्हीच होतात की त्यात!"

"मी मधेच मेले ना. शेवटच्या सीनला मी कधीच सेटवर नसे. थिएटरातही माझं मरण झालं की उठून घरी जायचे." डॉरिसने कप दोन्ही हातांत धरला. "एकदा तरी शेवटच्या फ्रेममध्ये मी जिवंत असावं, एवढंच वाटतं गं."

"मग अनिकाला सांगा ना. मी सांगू का?"

"मुळीच नाही. पोरीने दोन वर्षं खपून लिहिलंय. शेवट बदला म्हणणारी नटी मी नाही."

ती हसली आणि उरलेला चहा संपवला. सरलाने बाहेर पाहिलं. बर्फावर निळसर उजेड उतरायला लागला होता. तिने गॅस बंद केला आणि ती वर गेली.

वर बेडरूममध्ये तिचा दिवा होता. देव्हारा किचनमध्ये, शूटिंग शेजारच्या खोलीत, म्हणून अनिकाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "आई, प्लीज, टेकच्या वेळी खाली यायचं नाही." तेव्हापासून सरला रोज वरच दिवा लावत होती. फक्त तिसऱ्या दिवशी शूटिंग लवकर संपलं आणि डॉरिस सोफ्यावर लवंडली, तेव्हा सरलाने खाली येऊन तिला हलवून उठवलं होतं. दिवे लागायच्या वेळी घरात कुणी आडवं पडायचं नाही, लक्ष्मी यायची वेळ असते, हेही समजावलं होतं. डॉरिसला ते फार आवडलं होतं.

साडेचारला हवा तसा उजेड आला. तो पंधरा मिनिटं टिकणार होता आणि उद्या सकाळी डॉरिसचं विमान होतं. म्हणजे टेक एकच.

"ॲक्शन," अनिका हळूच म्हणाली.

करंगळी सुटली. शेजारचं बोट, मधलं. कॅमेरामन देवांग जागच्या जागी थिजला. खोलीतल्या सगळ्यांना क्षणभर ती खरंच गेली असं वाटलं.

तेवढ्यात किचनच्या दारातून सरला आत आली. हातात निरांजन. ती सरळ खुर्चीपाशी, सरळ फ्रेममध्ये गेली.

"उठा, ताई. दिवे लागले. असं पडून राहू नये."

अनिकाच्या तोंडून "कट" निघणार, तोच तिने पाहिलं की डॉरिसचं मधलं बोट हललं. मग शेजारचं, मग करंगळी. मुठीने खुर्चीचा हात घट्ट धरला. डॉरिसने डोळे उघडले, निरांजनाकडे पाहिलं आणि ती उठली. टेबलावरची सुई घेतली, ज्योतीसमोर धरली, डोळे बारीक केले. एका फटक्यात दोरा ओवला गेला.

उजेड पुरता जाईपर्यंत अनिका कट म्हणाली नाही.

"आई! टेक चालू होता! यू न्यू दॅट!" तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"अगं, सवय गं ती. दिव्याची वेळ झाली की पाय आपोआप चालतात." सरला पदराने निरांजन सांभाळत किचनमध्ये गेली.

अतुल कोरडे मोजे घालायला वर गेले. बेडरूममध्ये रोजचा दिवा केव्हाचा लावलेला होता, निम्मं तेल संपलेलं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मोजे घातले आणि खाली येऊन कुणालाच काही सांगितलं नाही.

ऑक्टोबरात शिकागोच्या महोत्सवात चित्रपट लागला. पडद्यावर सुईत दोरा ओवला गेला, आणि अंधार व्हायच्या आधीच अख्खं थिएटर उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. अनिका स्टेजवरून हात हलवून डॉरिसला बोलावत होती, लोक मागे वळून तिला शोधत होते.

डॉरिस तेवढी बसून होती. नावं संपून पडदा कोरा होईपर्यंत तिने पाहून घेतलं. मग सरलाचा हात धरून ती उठली.

"अच्छा," ती म्हणाली, "शेवट असा असतो तर."