जुना ड्रायव्हर काढायचाय

संघमित्रा सोनकांबळेचं काम तिच्या आईला कधीच नीट कळलं नाही. पोरगी विष्णुपुरीच्या कॉलेजातून इंजिनिअर झाली आणि नांदेडच्या घरी बसून परदेशातल्या लोकांबरोबर काम करते, एवढं ती शेजारीपाजारी सांगायची. कोणी फारच खोदून विचारलं तर म्हणायची, "काँप्युटरातलं जुनंपानं काढून टाकते."

त्यात काही खोटं नव्हतं. काँप्युटरच्या सगळ्यात आतल्या गाभ्याला कर्नल म्हणतात. प्रिंटर, स्कॅनर, वजनकाटा अशी बाहेरची यंत्रं त्याच्याशी बोलतात ती ड्रायव्हर नावाच्या छोट्या प्रोग्राममार्फत. या बोलण्याची एक जुनी रीत होती. नवी रीत येऊन आठ वर्षं झाली, एकेक करून सगळे ड्रायव्हर तिकडे गेले. एका वजनकाट्याचा तेवढा मागं राहिला. त्या एकट्यापायी सगळी जुनी रीत सांभाळत बसावं लागत होतं. २०१६च्या मार्चात संघमित्रानं जगभरच्या कर्नलवाल्यांना मेल टाकली: पुढच्या आवृत्तीत जुनी रीत आणि हा ड्रायव्हर, दोन्ही काढते आहे. कोणी वापरत असेल तर आताच बोला.

अशा मेलला सहसा कोणी उत्तर देत नाही. तिसऱ्या दिवशी मोडक्या इंग्रजीत आलं: "मॅडम, मी वापरतो. कृपा करून काढू नका. वीरभद्र कोथळे, मुक्काम मुरुड."

कर्नलवाल्यांतल्या एका जर्मन माणसानं लगेच विचारलं, हे मुरुड कुठल्या देशात? संघमित्रा खुर्चीतून उठून उभीच राहिली. लातूरच्या पुढचं मुरुड! साऱ्या जगात एकच माणूस उरला होता, आणि तोही एसटीच्या टप्प्यात.

तिनं नंबर मिळवून फोन लावला. वीरभद्रअप्पांचा मुरुडला ट्रक तोलायचा मोठा काटा होता. अकरा वर्षांपूर्वी काटा बिघडला तेव्हा त्यांनी या लोकांना एक प्रश्न विचारला होता. तेव्हापासून मेल येत राहिल्या त्या आल्याच, आणि अप्पा रोज चहाबरोबर त्या वाचत राहिले. यंदा ऊस नव्हता, सोयाबीन नव्हतं. काट्यावर यायचे ते फक्त पाण्याचे टँकर. अप्पांची चिठ्ठी असली की गाव समजायचं, टँकर भरलेला हाय. चिठ्ठी नसली की अर्धाच यायचा.

"काळजी करू नका, अप्पा," संघमित्रा म्हणाली. "मी गुरुवारी स्वतः येते. जुना ड्रायव्हर काढायचाय, त्या जागी नवा बसवू."

अप्पांना कमी ऐकू यायचं म्हणून त्यांचा फोन नेहमी स्पीकरवर असे. काट्यापुढं त्या वेळी सात टँकर रांगेत होते.

गुरुवारी दुपारी ती पोचली तेव्हा टँकर रस्त्याच्या कडेला उभे आणि ड्रायव्हर लिंबाखाली बसलेले. तिला पाहताच एक पांढऱ्या मिशांचा माणूस टोपी काढून पुढं आला.

"मी लिंबाजी, बाई. सव्वीस वर्षं गाडी चालवायलोय. आमचा गुन्हा काय, तेवढं सांगा."

"कसला गुन्हा?"

"जुने ड्रायव्हर काढणार म्हणं तुम्ही. उदगीरचा नवा जिल्हा होणार, तिथली पोरं इथं बसवणार. समदीकडं बोंब हाय."

संघमित्राला वाटलं, समजावून सांगितलं की झालं. "अहो काका, मी फक्त एकाच ड्रायव्हरबद्दल बोलत होते. तो फार जुना आहे. नवी पद्धत शिकला नाही. आता त्याला सांभाळायला कोणी तयार नाही."

लिंबाजीच्या डोळ्यांत पाणीच आलं. मागून एक जण ओरडला, "चावी द्यायची न्हाई!"

आतून अप्पांच्या बायकोनं, गुरम्मानं, हे ऐकलं. ती तरातरा आली, लिंबाजीची बाही धरून त्याला खोलीत घेऊन गेली आणि काँप्युटरच्या डब्यावर टिचकी मारली. "हा बघ ड्रायव्हर. ह्याच्यात हाय."

लिंबाजीनं वाकून पंख्याच्या जाळीतून आत पाहिलं. "दिसत न्हाई."

"मलाबी तीस वर्षांत हे काय करतात ते दिसलं न्हाई," गुरम्मा अप्पांकडं बोट दाखवून म्हणाली. "म्हणून का मी संप केला? वाड्यावस्त्यांवर बाया घागरी घेऊन ताटकळल्यात, ऊठ!"

लिंबाजी बाहेर जाऊन म्हणाला, "आपल्यातला न्हाई रे. डब्यातला हाय." संप मोडला. आधी पाणी जाऊ द्या, असं संघमित्रानंच सांगितलं. सहा टँकर जुन्या ड्रायव्हरवरच तोलून रवाना झाले. लिंबाजीचा सातवा चाचणीसाठी मागं राहिला. त्याची खेप जवळच्याच वस्तीवर होती.

तिनं नवा ड्रायव्हर चढवला. टँकर काट्यावर आला आणि पडद्यावर आकडा उमटला: उणे सतरा टन.

अप्पांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. लिंबाजी खिडकीतून म्हणाला, "म्हणजे गावालाच आमच्या टँकरात पाणी वतावं लागंल?"

संघमित्राचे कान लाल झाले. आठ वर्षं ती जगाला नवी रीत शिकवत होती, आणि हा काटा तिनं आज पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला होता. अप्पांनी स्टूल शेजारी ओढलं. काट्याला काँप्युटरशी जोडणारं कार्ड आकडे कोणत्या क्रमानं पाठवतं, हे त्यांच्या वहीत पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. अप्पा वाचत गेले, ती लिहीत गेली. गुरम्मानं दोघांपुढं भाकरी आणि शेंगाचटणी ठेवली. तासाभरात चूक सापडली.

मग लिंबाजीनं टँकर सहा वेळा मागंपुढं केला. काट्यावर चढताना एवढा हळू, की अप्पा ओरडले, "चढव की रे!"

"नवा हाय तो," लिंबाजी म्हणाला. "बिचकला म्हंजे?"

सहाही वेळा आकडा बरोबर आला. टँकर वस्तीवर रिकामा करून तो परत आला, तेव्हा रिकाम्या गाडीचं वजनही चोख लागलं.

कर्नलवाल्यांकडं ड्रायव्हर पाठवताना, तो तपासला कोणी, त्याचं नाव खाली द्यायची पद्धत असते. अप्पा म्हणाले, "माझं कशाला? घाम लिंबाजीनं गाळला." संघमित्रानं लिहिलं: तपासणारे, लिंबाजी नरसिंग भुरे, मुरुड. पुढच्या आवृत्तीत नवा ड्रायव्हर आत गेला आणि जुन्या रीतीच्या नऊशे ओळी बाहेर पडल्या.

आठवड्यानं त्या जर्मन माणसाची मेल आली. आणखी एका काट्याचं काम आहे. श्रीयुत भुरे तपासणीला मोकळे आहेत का?

अप्पांनी ती काट्यावर मोठ्यानं वाचून दाखवली आणि तिथूनच संघमित्राला फोन लावला. लिंबाजीनं फोन हातात घेतला.

"येतो म्हणावं, बाई. पर सध्या न्हाई. इथं पाऊस पडला, की मगच."

संघमित्रानं ते तसंच्या तसं इंग्रजीत करून पाठवून दिलं.