भुशाखालची माती

थोरल्या लेकीचं लग्न झालं, ते वर्ष. लग्नाची जेवणं चालू होती. व्याह्यांना खोकल्याची उबळ आली, तसा यांनी कोटाच्या खिशातून पत्र्याचा डबा काढला.

"घ्या, दोन गोळ्यांत मोकळं वाटेल."

माझ्या धाकट्या बहिणीने पलीकडून हात लांबवून डबाच उचलला. "भावोजी, निदान आज तरी!"

"मेव्हणीबाई, पाहुण्यांसमोर झडती घेता?"

सगळे हसले. ती हसली नाही.

हे सुतार. बरं वाटलं की गोळ्या थांबवायच्या आणि उरलेल्या डब्यात टाकायच्या, ही यांची जुनी सवय. उरलेले खिळे ठेवावेत तशी. गल्लीत कुणाचा घसा धरला, कुणाला ताप आला की लोक यांच्याकडे येत. रिकाम्या हाताने कुणी परत गेलं नाही.

बहीण एका संशोधन संस्थेत जंतूंवर काम करायची. "अर्धवट औषधाने कमजोर जंतू मरतात आणि चिवट तेवढे उरतात," ती सांगे. "तुमचा डबा म्हणजे त्यांची तालीम आहे, भावोजी."

"मग पैलवानांचा खुराक बंद कसा करू?" हे म्हणत.

तेव्हा ती मला अक्षरं शिकवत होती. मी जोडून वाचलेला पहिला शब्द त्या डब्यातल्या एका पाकिटावरचा होता.

तिच्या संस्थेत एक रीत होती. कुणी कुठेही गेलं की तिथली चिमूटभर माती बाटलीत घालून आणायची. मातीतले काही जीव दुसऱ्या जंतूंना मारायला स्वतःच विष तयार करतात. नवं औषध शोधायचं ते त्यात. यांनीही आपल्या कारखान्यातल्या भुशाच्या ढिगाखालची माती दिली होती, बाटलीवर 'मेव्हणीस सप्रेम भेट' अशी चिठ्ठी चिकटवून.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत लाकूड कोरताना यांच्या तळहातात पटाशी घुसली. यांनी फडकं बांधलं, डब्यातल्या गोळ्या घेतल्या आणि पुन्हा कामाला लागले. बघता बघता हात कोपरापर्यंत सुजला. इस्पितळात एकामागून एक औषधं झाली, पण ताप हटेना.

बहिणीने जखमेतला पू प्रयोगशाळेत नेला. मग मला बोलावून एक काचेची बशी दाखवली. तिच्यात सायीसारखा थर धरला होता.

"हे भावोजींच्या हातातले जंतू. या कागदाच्या चकत्या वेगवेगळ्या औषधांत भिजवल्यात. जे औषध लागू पडतं, त्याच्या चकतीभोवती साय धरत नाही. स्वच्छ कडं दिसतं."

मी वाकून पाहिलं. साय सगळ्या चकत्यांना चिकटली होती. फक्त कडेच्या एका चकतीभोवती नाण्याएवढं कडं होतं.

"ही कसली?"

"त्यांच्याच भुशाखालच्या मातीतली."

"मग दे की! वाट कसली बघतेस?"

"ताई, ते औषध नाही अजून. उंदरांना दिलं होतं. जंतू मेले, पण उंदरांची मूत्रपिंडं गेली. एकही जगला नाही."

"ते काय उंदीर आहेत?"

"नाहीत. म्हणूनच नाही देत."

मी तिच्या पाया पडले. मोठी असून पडले. तुला मी लहानाची मोठी केली, हेही ऐकवलं. ती रडत होती, पण मान नकारार्थीच हलवत राहिली.

संध्याकाळी ती इस्पितळात आली. मी तोंड फिरवून बसले होते. यांना सगळं कळलं होतं.

"माझ्या मातीत काहीतरी सापडलं म्हणे?"

"सापडलंय, भावोजी. पण कच्चं आहे."

हे माझ्याकडे वळले. "तिला कशाला गळ घालतेस? ओल्या पॉलिशची खुर्ची मी कधी कारखान्याबाहेर काढलीय का? बसणाऱ्याचे कपडे जातात." मग जरा दम घेऊन तिला विचारलं, "कडं केवढं आहे गं?"

"नाण्याएवढं."

"हं. म्हणजे माती चांगली होती."

त्या मातीवर तिने पुढे बरीच वर्षं घालवली. माणसाला देता येईल असं औषध त्यातून निघालं नाही. मी तिच्याशी पुष्कळ दिवस नीट बोलत नव्हते. तरी ती रोज यायची आणि पाटी समोर ठेवून बसायची.

अशीच ती बसलेली असताना शेजारीण दारात आली. नातवाला ताप होता.

"भाऊंच्या डब्यात काही आहे का, वहिनी? तुमच्या दुःखात विचारू नये, पण पोर फणफणलंय."

बहीण मान खाली घालून बसून राहिली. मी फळीवरचा डबा काढला. झाकण न उघडता तो तिच्या मांडीवर ठेवला. पायांत चपला अडकवल्या आणि शेजारणीला म्हटलं, "चल, पोराला घे. दवाखान्यात जाऊ."

माझे यजमान लेकीच्या लग्नाच्याच वर्षी, पावसाळा संपता संपता, एका गुरुवारी सकाळी वारले.