आज्याचं चाक
निर्मलाने आज्याच्या मागाचं दातेरी चाक काढून दुर्बिणीला बसवलं, तेव्हापासून अप्पांनी तिच्याशी अबोला धरला होता. तसा तो माग भंगारातच पडलेला. पण अप्पांच्या वडिलांचा हात त्या चाकावरून फिरलेला होता. "तुझ्या लेकीला सांग, चाक परत पाहिजे," असं अप्पा लेकीसमोरच आईला सांगत. निर्मलाही काही कमी नव्हती. तिनेही आईलाच सांगितलं, "ह्या रोलात फोटो नाही जमला, तर चाक जागच्या जागी लावून देईन."

जमायची चिन्हं नव्हती. तिला टिपायचा होता देवयानी तारकासमूहातला एक तेजोमेघ, म्हणजे म्हाताऱ्या ताऱ्याने नुकतंच, म्हणजे काही हजार वर्षांपूर्वी, अंगावेगळं केलेलं वायूचं कवच. दुर्बिणीतही जेमतेम निळसर टिकलीएवढं दिसणारं. त्यात पुढच्या खोलीतले अप्पांचे विजेचे माग सुरू झाले, की परसातली जमीन थरथरे आणि फोटोत सगळेच तारे टिकलीएवढे सुजून येत. मेघ कोणता नि तारा कोणता, ओळखायचं कसं? माग थांबवा म्हणावं, तर अबोला आड येई. खरं म्हणजे हट्टच आड येई.

त्या वर्षांत बुऱ्हाणपुरात वीज येण्यापेक्षा जाण्याबद्दलच बोललं जाई. नोव्हेंबरात एका संध्याकाळी ती जेवणाच्या वेळीच गेली. गल्लीने बोटं मोडली. निर्मला मात्र हात न पुसताच परसात पळाली. तिने कॅमेऱ्याची झडप उघडली आणि आभाळ सरकेल तसं चाक हळूहळू फिरवू लागली.

फोटो निम्मा झाला असेल नसेल, पुढच्या खोलीत दिवा लागला. वीज आली, आता माग सुरू होणार! पण दिवा लगेच विझला. पलीकडच्या गल्लीत माग खडखडू लागले, घरातले मात्र गप्प होते. तिने चाक तसंच फिरवत ठेवलं, झडप बंद केली आणि पुढे गेली.

अंधारात अप्पा मुख्य बटणावर हात ठेवून उभे होते.

"झाली का तुझी फोटू?"

इतक्या दिवसांनी ते थेट तिच्याशी बोलत होते. "झाली, अप्पा."

"आज्याच्या चाकानं धोका तं नाही दिला?"

"नाही."

अप्पांनी बटणावरचा हात काढून घेतला. "मंग अजून एक घे. एकीचा काय भरोसा?"