मितभाषी

गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड बांधून रेडिओकाकांनी "परवा काय झालं..." एवढंच म्हटलं, तोच कापडाखालून एक हात वर आला.

"माझ्यासाठी मुद्दाम बोलू नका हं. वाचलंय मी."

काकांनी उरलेलं वाक्य गिळलं आणि कैची चालवली.

उगाच नव्हती गल्ली त्यांना रेडिओ म्हणत. पेपरच्या पुरवणीसाठी आलेला बातमीदार अख्खी दुपार दुकानात बसून पोट धरधरून हसला होता. पण लेखाच्या शेवटी छापून आलं, 'असे हे मितभाषी कारागीर.' पहिल्या दिवशी गल्ली हसली. दुसऱ्या दिवशी जरा कमी हसली. आठवडा उलटला तशी दुकानात भलतीच माणसं येऊ लागली. बँकेचे साहेब तर खुर्चीत डोळे मिटून म्हणाले, "गावात एवढीच काय ती शांत जागा."

जुनी गिऱ्हाइकंही म्हणू लागली, "तसे काका कमीच बोलतात, नाही का?"

बायकोने तर हात टेकले. "जन्मभर मी सांगून दमले, गप्प बसा म्हणून. पेपरने एकदा सांगितलं, तर बसलात!"

बाकडं भरू लागलं होतं, गल्ला वाजत होता. फक्त पोस्टमास्तर येईनासे झाले होते. निवृत्त गृहस्थ, डोक्यावर कापण्याजोगं काही उरलेलं नाही. ते रोज सकाळी यायचे ते निव्वळ भांडायला. पाऊस पडेल असं काका म्हणाले, की ऊन पडणार हे मास्तरांनी म्हटलंच म्हणून समजा.

शेवटी भरदुपारी दुकान बंद करून काका त्यांच्या घरी गेले.

"मास्तर, तब्येत बरी ना?"

"ठणठणीत. बसा. बोलू नका, त्रास होईल."

"मला कसला त्रास?"

"माझंच चुकलं हो. तुमचा स्वभाव हा असा, आणि मी रोज येऊन तुम्हाला बोलायला लावायचो. भिडेपोटी बोलत होतात तुम्ही."

"कोण म्हणतं?"

"छापून आलंय."

"चुकीचं छापलंय!"

"विनय आहे हा तुमचा," मास्तर हळुवारपणे म्हणाले.

मग काका बोलत सुटले. नळाचं पाणी, शेजाऱ्याचा कुत्रा, जावयाची नवी गाडी, काही म्हणून सोडलं नाही. मास्तर कनवाळूपणे ऐकत राहिले. एकदाही 'छे' म्हणाले नाहीत. काकांना लागलं ते तेवढंच. शेवटी मास्तरांनी पाण्याचा पेला पुढे केला.

"बघा, घशाला कोरड पडली. सवय नाही ना!"

तिथून काका तडक पेपरच्या कचेरीत गेले. बातमीदाराने मूळ मजकूर शोधून काढला आणि जीभ चावली.

"मी मिष्टभाषी लिहिलं होतं हो, काका. गोड बोलणारे या अर्थी. इथे कुणीतरी तो शब्द सुधारला. दुरुस्ती छापतो. पण विचार करा, गर्दी वाढलीय म्हणे दुकानात?"

काकांनी एकदाच दाराकडे पाहिलं.

"छापा," ते म्हणाले. एवढं छोटं वाक्य त्यांनी उभ्या आयुष्यात उच्चारलं नसेल.

दुसऱ्या दिवशी आतल्या पानाच्या कोपऱ्यात दुरुस्ती आली. बँकेचे साहेब पायरीपर्यंत आले, "सवडीने येतो" म्हणाले आणि वळले. बाकडं रिकामंच राहिलं. काका उगाचच स्वच्छ आरसा पुन्हा पुसत होते, तेव्हा काखेत पेपर घेऊन पोस्टमास्तर आत आले आणि आपल्या जागी टेकले.

"दुरुस्ती वाचली, म्हणून आलो."

"म्हणजे मी घरी येऊन घसा फोडला, ते पटलं नाही?"

"तुमचं काय, तुम्ही काहीही बोलता."

मास्तरांनी चष्मा चढवला, दुरुस्तीवर बोट ठेवून ती पुन्हा एकदा वाचली. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"पण मिष्टभाषी?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "छे! हल्ली काय वाट्टेल ते छापतात."

काकांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि गिऱ्हाइकाची खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले.

"काय म्हणालात? पुन्हा म्हणा."