डावा हात

गोष्ट फार जुनी. आजच्या बारावीच्या पोरांच्या आजोबांनीही ती पाठ्यपुस्तकात वाचली असेल. रस्त्याकडेच्या झाडाखाली एक म्हातारी पाणपोई चालवते. भर उन्हात एक वाटसरू येतो, दोन तांबे पाणी पितो आणि समाधानाने निघून जातो. म्हातारी त्याचं नाव विचारत नाही. संपली गोष्ट. परीक्षेतला प्रश्न ठरलेला: म्हातारीने वाटसरूचं नाव का विचारलं नाही? गाईडातलं उत्तरही ठरलेलं: खऱ्या सेवेला नावगाव लागत नाही. एवढं घोकलं की पाच गुण खिशात.

उषा मॅडम एकोणीस वर्षं हेच उत्तर लिहून देत आल्या होत्या. यंदाही त्या खडू घेऊन फळ्याकडे वळल्या, तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची प्रतिक्षा उभी राहिली. एरवी ही पोरगी वर्गात चार शब्द बोलायची नाही. तोंड उघडलं की घरची बोली बाहेर यायची आणि मागची पोरं खिदळायची.

"मॅडम, तसं नसन," ती म्हणाली. "थिनं नाव इचारलं का तोही थिचं इचारन. मंग सांगा लागन. आन सांगतलं का तो पाणी पेत नाही."

या वेळी कुणी हसलं नाही. मॅडमने खडू खाली ठेवला.

"हे तुला कसं सुचलं गं?"

इथे तिने थांबायला हवं होतं. पण तिचं बोलणं कुणीतरी पहिल्यांदाच कान देऊन ऐकत होतं, आणि अशा वेळी सतराव्या वर्षी कोण थांबतं? तिने सांगून टाकलं. तिची आई विमलाबाई लग्नाआधी परगावी धानाच्या रोवण्याला गेली होती. शेताच्या कडेला, धुऱ्यावरच्या पाण्याच्या मडक्याशी उभी असताना वाटेने जाणाऱ्या एकाने पाणी मागितलं. पिता पिता गार आहे म्हणाला, आणि मग विचारलं, कोणाची तू? तिने बापाचं नाव सांगितलं. त्याने तोंडातला घोट तिच्या पायाशी थुंकला आणि तांब्या बांधीतल्या चिखलात भिरकावला. आई अनोळखी माणसाला कधी नाव का विचारत नाही, असं प्रतिक्षाने एकदा वेणी घालून घेताना विचारलं होतं, तेव्हा आईने हे सांगितलं होतं. एकदाच.

तास संपल्यावर मॅडमने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मी शिकवत होते, पण मला ही गोष्ट आज कळली." पुढच्या महिन्यात जिल्ह्याचे साहेब आदर्श पाठ बघायला येणार होते, पालकांनाही बोलावणं होतं. "त्या दिवशी हे तूच सांगायचं," मॅडम म्हणाल्या. "दोन पानं लिहून आण, भाषा मी नीट करून देते."

पोरीचे पाय जमिनीला लागेनात. तिने आईला नुसतं एवढंच सांगितलं, की साहेबांपुढे मी बोलणार आहे, तू यायचंच. काय बोलणार ते सांगितलं नाही. तिथेच ऐकू दे, तिला बरं वाटेल, असा तिचा भाबडा हिशेब.

आदर्श पाठ म्हणजे काय, हे ज्याने शाळा पाहिली त्याला सांगायला नको. तीनदा तालीम झाली, तीही नुसती हात वर करण्याची. नियम जुनाच: उत्तर येतं त्याने उजवा हात वर करायचा, येत नाही त्याने डावा. साहेबांना वर्गभर हातच हात दिसले पाहिजेत.

साहेबांची गाडी फाटकात शिरली, तेव्हा मॅडमने प्रतिक्षाला व्हरांड्यात बोलावलं.

"तू आज डावा हात वर कर."

तिला वाटलं, मॅडमची काही चूक होते आहे. "काहून, मॅडम? मले येते ना."

"येतं गं. पण साहेब बाहेरचे आहेत. राखीचे उच्चार स्वच्छ आहेत, तिने सगळं पाठही केलंय. तुझ्या बोलण्याला कुणी हसलं तर एवढं चांगलं उत्तर वाया जाईल. उत्तर तुझंच, फक्त बोलेल ती." राखी ही संस्थेच्या सचिवांची पुतणी. हे सगळं बोलताना मॅडम फाटकाकडे बघत होत्या, प्रतिक्षाकडे नाही.

केसाने गळा कापणे हा वाक्प्रचार तिने मॅडमच्याच तासाला पाठ केला होता, वाक्यात उपयोग करून दाखवला होता. त्याचा अर्थ तिला आज समजला. घरी निघून जावं असं वाटलं, पण मागच्या खुर्चीवर आई येऊन बसली होती. पौर्णिमेला विहारात नेसायची ती पांढरी साडी नेसून.

मॅडमने प्रश्न विचारला. सगळे हात वर गेले. प्रतिक्षाने डावा हात वर केला. मॅडम म्हणाल्या, "सांग, राखी."

राखीने सुरेख सांगितलं, नावं कशाला ठेवा. म्हातारीचं मौन सांगितलं, नावामागे उभी राहणारी जात सांगितली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आमच्या गावात विमलाबाई नावाची एक स्त्री आहे." मडकं आलं, तांब्या आला, थुंकणं आलं. "त्या अपमानाने ती माउली धुऱ्यावर बसून ढसाढसा रडली." प्रतिक्षाने लिहून दिलेल्या दोन पानांत रडणं कुठेच नव्हतं. मॅडमने भाषा नीट केली होती.

साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. टाळ्या कडाडल्या. गावचे पालक एकेक करून मागे वळून विमलाबाईकडे बघू लागले. तिने राखीकडे पाहिलं, मग लेकीकडे, आणि पदर खांद्यावर ओढून घेतला.

घरी जाताना तलावाच्या पाळीवर आई पुढे चालत होती. मॅडमने कसं फसवलं ते सगळं प्रतिक्षाच्या ओठांवर आलं होतं. आई एकदा तरी विचारेल आणि आपण तिच्या गळ्यात पडून रडू, याची ती वाट बघत होती.

"थ्या पोरीले कोनं सांगतलं?" आईने मागे न बघता विचारलं.

"मॅडमनं."

"आन मॅडमले?"

प्रतिक्षाचा मॅडमवरचा राग खरा होता, पण या प्रश्नाला त्याचा काही उपयोग नव्हता.

"मीनं," ती म्हणाली.

आई थांबली. "मी तुले सांगतलं होतं, पोरी. शाळेले नाही."

मग ती पुन्हा चालायला लागली. बरंच पुढे गेल्यावर म्हणाली, "आन मी रडली नव्हती. तांब्या काढला, धुतला, आन रोवाले लागली."