मास्तरांनी लावलेलं बटण

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिलाईचे. उभा जन्म कपडे शिवण्यात गेला आणि म्हातारपणी कमरेखालचं अंग रुसून बसलं. टाचेला चिघळलेली जखम होती. साधी कूस बदलायची तरी कुणाचा तरी हात लागे आणि तो हात कायम थोरल्या लेकीचा. धाकटा मुलगाही काळजी करायचा, पण लांबून, फोनवर.

थोरली चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायची. हातात कसब होतं म्हणून ती वडिलांपायी घरी बसली तरी मालकाने तिची जागा राखली होती. आता मात्र त्याने निक्षून सांगितलं, सोमवारी या, नाहीतर दुसरी बाई बघतो.

घरी येऊन उपचार करणाऱ्या दवाखान्याच्या दोन सोयी होत्या. तातडीची गाडी फोन केला की त्याच दिवशी यायची, मलमपट्टी करायची आणि निघून जायची. कायमची नर्स रोज येऊन आंघोळ, पट्टी, औषध सगळं बघायची, पण ती मिळायची तपासणीत नापास होणाऱ्यालाच, म्हणजे ज्याला स्वतःचं काही जमत नाही असं दिसेल त्याला. आणि मास्तर दर वेळी पहिल्या वर्गात पास! परकं माणूस येणार म्हटलं की यांना दाढी हवी, इस्त्रीचा शर्ट हवा आणि "कसे आहात?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "ठणठणीत!" नंतरचं कण्हणं थोरलीच्या वाट्याला.

या खेपेला तिने लाज गुंडाळून ठेवली. दाढी केली नाही, चादर बदलली नाही आणि सकाळची दुखण्याची गोळीही दिली नाही.

"गोळी दे ना गं," मास्तर म्हणाले.

"सिस्टर येऊन गेल्या की देते. बघू दे त्यांना, तुमचं काय होतं ते."

मास्तर काय समजायचं ते समजले. त्यांनी मुलीकडे असं बघितलं की तिची तिलाच शरम वाटली. पण सोमवार तोंडावर आला होता. तिने गोळ्यांचं पाकीट फळीवर ठेवलं, खाटेवरून हात पोचणार नाही असं.

तपासणीची नर्स आली. हसरी, घाईतली बाई. चादर बघून तिने नाक मुरडलं. "काय काका, कसे आहात?"

"ठणठणीत. आज जरा आळस केला, एवढंच."

"अहो, खोटं बोलतायत ते!" थोरलीने दुखण्यांचा पाढा वाचायला घेतला.

"ताई, त्यांना बोलू द्या." नर्सने त्यांच्या अंगावर शर्ट चढवला. "बटणं लावून दाखवा बरं."

आता शिंप्याची परीक्षा बटणांवर घ्यायची म्हणजे कमालच झाली. नर्सचं वाक्य संपायच्या आत बटणं लागली होती. एवढ्यावर थांबतील तर ते मास्तर कसले? नर्सच्या कोटाचं एक बटण लोंबत होतं, ते त्यांनी हेरलं. सुई-दोरा उशीखाली असायचाच. पहिल्या झटक्यात सुई ओवली. कपाळावरून घाम ओघळत होता, टाचेत आग पेटली होती, पण टाका म्हणून वाकडा पडला नाही. त्यांनी दातांनी दोरा तोडला.

"घ्या. कोट फाटेल, बटण निघायचं नाही."

नर्स खूश. "यांना कसली नर्स हवी, ताई?"

"टाच तरी बघा हो!"

तिने बघितली. "पट्टी छान ठेवलीय. म्हणजे तुम्हाला जमतंय की! चादर तेवढी बदलत जा." आणि ती गेली.

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. "का केलंत असं?"

"ती रोज आली असती तर तू गेली असतीस," मास्तर शांतपणे म्हणाले. "दिवसभर मी काय भिंतींशी बोलू? दे आता गोळी."

"सुई ओवता येते ना? मग गोळीही घ्या तुमची तुम्ही."

ती स्वयंपाकघरात गेली आणि मालकाला फोन लावला. जमणार नाही, एवढं सांगेपर्यंत बाहेर धप्पकन आवाज झाला.

मास्तर खाटेखाली पडले होते, पाय भलतीकडेच वळलेला. तिला ते उचलेनात. शेजारचे सगळे कामावर गेलेले. तिने तातडीच्या गाडीला फोन केला.

"पेशंटला द्या," पलीकडची बाई म्हणाली.

थोरलीने फोन त्यांच्या कानाशी धरला. काय बोलणार ते तिला पाठच होतं. पण मास्तर ओरडले, "बाई, दुखतंय हो! पाय गेला माझा, लवकर या!" जन्मात पहिल्यांदा ते दवाखान्याशी खरं बोलत होते.

बाई हसली. "मास्तर ना? आमच्या सिस्टरचा आत्ताच फोन आला होता, केवढं कौतुक चाललंय बटणाचं! काका, मुलगी सांगते म्हणून असं बोलू नये. गाडी खऱ्या पेशंटसाठी असते." फोन बंद झाला. थोरलीने पुन्हा लावला, तर कुणी उचलेना.

मग थोरलीने फळीवरची गोळी काढली, पाणी आणलं आणि त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली. मास्तरांनी हात पुढे केला. तिने मूठ मिटली.

"कसे आहात?" तिने विचारलं.

"पोरी, दे गं..."

"कसे आहात, बाबा?"

मास्तरांनी त्या मुठीकडे बघितलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"ठणठणीत," ते म्हणाले.

तेव्हा कुठे तिने मूठ उघडली.